अमेरिकेतील सरकारी विमा-पर्याय: इस्पितळाचा दर ठरवणार कोण?

रॅरिटनकर (धागाकर्ता)

गेल्या मार्चमध्ये माझा मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचे डावे मनगट मोडले. न्यू जर्सीतल्या आमच्या घराजवळच्या इस्पितळात त्याला प्लास्टर घातले, तीन तासांत आम्ही घरी आलो आणि पाच आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. अशा पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते, हे इथे राहणाऱ्यांना पाठच असेल. खाली तीन रकाने होते: इस्पितळाने आकारलेले ४,८१२ डॉलर, कंपनीच्या करारानुसार मान्य झालेले १,९४६ डॉलर आणि आमचे डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) अजून पुरे व्हायचे असल्यामुळे कंपनीने दिलेले शून्य डॉलर. दरमहा पगारातून हप्ता कापला जात असूनही १,९४६ डॉलर माझ्याच खिशातून गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण डिडक्टिबल किती आहे हे पॉलिसी घेतानाच ठाऊक होते. डोक्यातून गेला नाही तो मधला रकाना. हे १,९४६ कोणी ठरवले आणि कशावरून?

२०२१ पासून इथल्या इस्पितळांना विमा कंपन्यांशी ठरलेले दर जाहीर करावे लागतात. एका रविवारी मी ती फाइल उतरवून घेतली. संगणक दोनदा अडकला, पण ती उघडली. प्लास्टरच्या त्या एका कोडासमोर अकरा योजनांचे अकरा दर होते आणि सर्वांत वरचा दर सर्वांत खालच्या दराच्या जवळजवळ तिप्पट होता. मेडिकेअरचा, म्हणजे वृद्धांच्या सरकारी विम्याचा, दर सरकार वेगळा प्रसिद्ध करते. तो शोधून काढला, तेव्हा या अकरांपैकी नऊ दर त्याच्या वर निघाले.

‘पब्लिक ऑप्शन’वर, म्हणजे सरकारी विमा-पर्यायावर, २००९ साली जो वाद झाला, तो या फाइलनंतर मला वेगळा दिसू लागला आणि म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड हे दोन सरकारी कार्यक्रम १९६५ पासून आहेत. मधल्या वयाच्या बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो आणि उरलेल्यांनी तो बाजारात विकत घ्यायचा असतो. जेकब हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी असे सुचवले होते की या बाजारात खासगी कंपन्यांच्या शेजारी सरकारनेही एक योजना मांडावी. ज्याला ती हवी त्याने ती घ्यावी, सक्ती कोणावरही नको. ७ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिनिधीगृहाने २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत केलेल्या विधेयकात ती योजना होती. सिनेटमध्ये साठ मतांची गरज होती आणि कनेक्टिकटचे सिनेटर जो लीबरमन काही केल्या तयार होईनात. तडजोड म्हणून पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या लोकांना पैसे भरून मेडिकेअरमध्ये येऊ देण्याची कल्पना पुढे आली. सप्टेंबरात एका मुलाखतीत लीबरमन यांनी स्वतः अशा कल्पनेला अनुकूलता दाखवली होती, तरी डिसेंबरात त्यांनी तीही नाकारली. २४ डिसेंबरला सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी जे विधेयक संमत केले, त्यात सरकारी पर्याय नव्हता. पुढे मार्च २०१० मध्ये ओबामांनी सही केली ती याच विधेयकावर.

त्या वादात ‘समाजवाद’ आणि ‘स्वातंत्र्य’ हे शब्द इतके गाजले की खरी मारामारी कशावरून होती ते त्यांखाली दबून गेले, असे माझे मत झाले आहे. मारामारी होती ती सरकारी योजना इस्पितळाला कोणत्या दराने पैसे देणार, यावरून. प्रतिनिधीगृहातल्या पहिल्या मसुद्यात मेडिकेअरच्या दरावर पाच टक्के अशी तरतूद होती. ग्रामीण मतदारसंघांतल्या डेमोक्रॅट सदस्यांनीच ती हाणून पाडली आणि ‘वाटाघाटीने ठरेल तो दर’ हे शब्द आले. माझ्या मते त्याच दिवशी पब्लिक ऑप्शन संपला होता. लीबरमन यांनी डिसेंबरात केले ते उत्तरकार्य.

सरळव्याज

मी एका विमा कंपनीत हप्ते ठरवण्याच्या विभागात काम करतो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या म्हणण्यातून हवे तेवढे वजा करून घ्यावे.

धागाकर्त्यांचा मुद्दा अर्धा मान्य आहे. वाटाघाटीच्या दराची सरकारी योजना आली असती तर काय झाले असते, याचा अंदाज काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑक्टोबर २००९ मध्येच दिला होता: सुमारे साठ लाख लोक ती घेतील आणि तिचा हप्ता खासगी योजनांच्या सरासरीपेक्षा थोडा जास्तच असेल. अनेकांना हा विनोद वाटला होता, पण आमच्या धंद्यातल्या कोणाला आश्चर्य वाटले नाही. जी योजना कोणाच्या उपचारांना आडकाठी करणार नाही असा लौकिक असतो, तिच्याकडे अधिक आजारी माणसे वळतात, त्यामुळे तिचा खर्च वाढतो आणि मागोमाग हप्ताही वाढतो. शिवाय नव्या योजनेला इस्पितळांशी शून्यापासून बोलणी करावी लागतात आणि ज्याच्या हाती ग्राहक नाहीत त्याला सवलत कोण देणार? सरकारी पर्यायाऐवजी २०१० च्या कायद्याने ना-नफा सहकारी विमा संस्थांना कर्जे दिली. अशा तेवीस संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या बहुतेक काही वर्षांतच बुडाल्या.

मान्य नाही तो उरलेला अर्धा भाग. मेडिकेअरचा दर कायद्याने लावला की हप्ता उतरेल यात शंका नाही, पण त्याला स्पर्धा म्हणू नये. पंचाने स्वतःच बॅट हाती घ्यायची आणि पायचीतचा निर्णयही त्यानेच द्यायचा, असा तो सामना होईल. विरोधकांची भीती अगदीच काल्पनिक नव्हती: आज ओसरी मागत आहेत, उद्या हातपाय पसरतील. पर्यायाच्या समर्थकांपैकी काहींना तो एकछत्री सरकारी विम्याकडे जाणारा रस्ता म्हणूनच हवा होता आणि ते तसे उघडपणे म्हणतही होते.

आणखी एक गोष्ट, जी सभांमध्ये कोणी सांगत नाही. २०१० च्या कायद्याने आम्हाला हप्त्यातले किमान ऐंशी टक्के (मोठ्या गटांच्या विम्यात पंच्याऐंशी टक्के) उपचारांवर खर्च करणे बंधनकारक केले आहे. म्हणजे आमचा नफा आणि कारभार मिळून वीस टक्क्यांच्या आतले भांडण आहे. मोठा आकडा आहे तो त्या ऐंशीत.

पावतीपुस्तक

त्या ऐंशी टक्क्यांच्या दुसऱ्या टोकाला मी बसते. इलिनॉयमध्ये दोन डॉक्टरांच्या एका लहान दवाखान्यात गेली चौदा वर्षे मी बिलिंग करते आहे.

मेडिकेअर कमी पैसे देते ही डॉक्टरांची तक्रार रोज माझ्या कानावर पडते आणि ती खरी आहे. तथापि कमी म्हणजे काय, हेही पाहायला हवे. सरकार स्वतः चालवते त्या मूळ मेडिकेअरकडे बिनचूक क्लेम पाठवला की साधारण दोन आठवड्यांत पैसे खात्यात जमा होतात. दर आधीपासून माहीत असतो, नियम देशभर जवळजवळ सारखे असतात आणि बहुतेक गोष्टींसाठी पूर्वपरवानगी लागत नाही. खासगी कंपन्या दर जास्त देतात, परंतु तो मिळवण्यासाठी आमच्या दवाखान्यात एक पूर्ण माणूस नेमलेला आहे. ती मुलगी सकाळी आठला हेडफोन घालते आणि दुपारपर्यंत एमआरआयच्या परवानग्या मागत बसते. तिच्या टेबलावर फॅक्स यंत्र आहे. होय, २०२० च्या दशकात फॅक्स. तिचा पगार त्या वाढीव दरातून वजा करून पाहा, मग ‘जास्त’ किती उरते ते कळेल.

सरळव्याज यांना एक विचारायचे आहे. सरकारने खासगी बाजारात उतरू नये असे म्हणता, पण सरकारच्या मेडिकेअरमध्ये खासगी कंपन्या कधीच उतरल्या आहेत. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज या नावाने चालणाऱ्या खासगी योजनांमध्ये आज निम्म्याहून अधिक वृद्ध आहेत. तिथे स्पर्धेने सरकारचा खर्च कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅक या आयोगाने २०२४ मध्ये असा अंदाज दिला की हेच लोक मूळ मेडिकेअरमध्ये राहिले असते तर जेवढा खर्च झाला असता, त्याहून या योजनांवर २२ टक्के, म्हणजे सुमारे ८३ अब्ज डॉलर जास्त जात आहेत. पंचाने बॅट घेतलेली चालत नाही, मग खेळाडूने शिट्टी घेतलेली कशी चालते?

कृष्णाकाठ

मी सांगलीत राहतो, अमेरिका पाहिलेली नाही, तरी हा वाद मला परका वाटत नाही. तुम्ही ज्याला पब्लिक ऑप्शन म्हणता तो आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे, फक्त त्याला कोणी ते नाव दिलेले नाही. १९७३ मध्ये आपल्याकडे १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, १९८६ मध्ये त्यांनी मेडिक्लेम आणला आणि २००० नंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. तेव्हापासून सरकारी आणि खासगी पॉलिसी एकाच एजंटाच्या बॅगेत असतात. यातून बाजार सुधारला का? माझ्या वडिलांची सरकारी कंपनीची पॉलिसी खासगीपेक्षा बरीच वर्षे स्वस्त होती, पण मग तिचाही हप्ता चढत गेला. चारांपैकी तीन कंपन्या तोट्यामुळे इतक्या खंगल्या की केंद्र सरकारला त्यांत पुन्हा भांडवल ओतावे लागले. कारण रॅरिटनकर म्हणतात तेच आहे. कंपनी सरकारी असली तरी इस्पितळाचा दर तिच्या हातात नव्हता.

उलट बाजूही सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर सरकारने ठरवलेले आहेत. प्रत्येक शस्त्रक्रियेचे पॅकेज असते आणि त्यापलीकडे रुग्णाकडून पैसा घ्यायचा नसतो. २०२३ मध्ये राज्याने ही योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आमच्या काकूंच्या हृदयात स्टेंट घालायचा होता, तेव्हा केशरी रेशनकार्ड घेऊन मी एका खासगी इस्पितळात गेलो. आरोग्यमित्राच्या खिडकीवर योजनेचा फलक होता आणि खिडकीत आरोग्यमित्रही होता. त्याने फोन करून वर विचारले आणि योजनेच्या खाटा भरल्या आहेत असे सांगितले. त्याच मजल्यावर रोखीने खाट मिळत होती, हे मला अर्ध्या तासाने कळले. शेवटी दुसऱ्या इस्पितळात योजनेतूनच काम झाले, एक रुपयाही लागला नाही आणि काकू आज घरचे दळणकांडण पाहतात. त्यामुळे योजनेला वाईट म्हणण्याची माझी हिंमत नाही. मात्र दर सरकारने ठरवला की खाट कोणाला द्यायची हे इस्पितळ ठरवू लागते, एवढे मी पाहिले आहे.

रॅरिटनकर

कृष्णाकाठ, तुमच्या अनुभवाचे अमेरिकी रूप मेडिकेड आहे. दर फार कमी असल्यामुळे पुष्कळ डॉक्टर मेडिकेडचे रुग्ण घेतच नाहीत. मेडिकेअरचे मात्र तसे झालेले नाही. जवळजवळ सगळी इस्पितळे आणि बहुतेक डॉक्टर ते घेतात, कारण म्हातारे रुग्ण नाकारून इथे इस्पितळ चालवता येत नाही. दर आणि रुग्णसंख्या या दोन्हींचे वजन एकत्र पडावे लागते. २००९ च्या योजनेला फक्त दर मिळून भागले नसते, हे तुमच्यामुळे लक्षात आले. मेडिकेअर घेणाऱ्याने ही योजनाही घेतलीच पाहिजे अशी अटही लागली असती.

सरळव्याज यांचा ऐंशी टक्क्यांचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. रँड या संशोधन संस्थेने हिशेब केला तेव्हा २०२२ मध्ये खासगी विमा इस्पितळांना मेडिकेअरच्या सरासरी २५४ टक्के दर देत होता. ज्या कंपनीला हप्त्यातल्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के खर्चावर आपले वीस-पंधरा मिळणार, तिला तो खर्च खाली आणण्याची घाई कशी असेल?

सरळव्याज

घाई असते, कारण हप्ता वाढला की ग्राहक शेजारच्या कंपनीकडे जातो. पण ज्या जिल्ह्यात एकच मोठे इस्पितळ आहे तिथे त्याने मागितलेला दर आम्हाला द्यावा लागतो, हे खरे आहे. ते इस्पितळ आमच्या नेटवर्कमधून (करारातल्या इस्पितळांच्या यादीतून) गेले तर आमची पॉलिसी कोणी घेणार नाही. आणि २५४ चा आकडा वाचताना हेही ध्यानात ठेवावे की मेडिकेअरच्या दराने आपला खर्च भागत नाही, असे इस्पितळे सांगतात. ग्रामीण भागातली इस्पितळे आधीच बंद पडत आहेत. सगळ्यांना एक दर लावाल तर त्यांतली आणखी किती तगतील, याचे उत्तर पर्यायवाद्यांनी द्यावे.

ऑलिंपियाकर

सगळेजण ‘झाले असते तर’ म्हणत आहेत, परंतु आमच्या वॉशिंग्टन राज्यात ते झालेले आहे. गव्हर्नर जे इन्सली यांनी २०१९ मध्ये सही केलेल्या कायद्यानुसार २०२१ पासून ‘कॅस्केड सिलेक्ट’ नावाच्या योजना बाजारात आल्या. त्या राज्य सरकार स्वतः चालवत नाही. राज्य अटी घालते आणि खासगी कंपन्या त्या विकतात. त्यामुळे याला पब्लिक ऑप्शन म्हणावे का, यावर आमच्याकडे वेगळाच वाद चालतो.

मूळ विधेयकात दर मेडिकेअरएवढाच होता. इस्पितळांनी विरोध केला, बोलणी झाली आणि कायदा बाहेर पडला तेव्हा मर्यादा मेडिकेअरच्या १६० टक्क्यांवर गेलेली होती. तेवढे देऊनही पहिल्या वर्षी ३९ पैकी १९ काऊंटींतच (जिल्ह्यांतच) या योजना मिळत होत्या, कारण सहभागी व्हायचे की नाही हे इस्पितळांच्या मर्जीवर होते आणि पुष्कळांची मर्जी नव्हती. काही ठिकाणी तर या योजनेचा हप्ता शेजारच्या खासगी योजनेपेक्षा जास्त होता! मी स्वतः त्या वर्षी दोन्ही दर समोरासमोर ठेवून खासगी योजनाच घेतली होती. मग २०२१ मध्ये विधिमंडळाने दुसरा कायदा केला: राज्याच्या इतर कार्यक्रमांचे पैसे घेणाऱ्या इस्पितळाला मागणी आल्यास किमान एका अशा योजनेशी करार करणे भाग पडले. रॅरिटनकर ज्या अटीबद्दल बोलत आहेत ती हीच, आणि ती लागल्यावर नकाशा भरू लागला. आता मीही त्याच योजनेत आहे.

ग्रामीण इस्पितळांबद्दल सरळव्याज यांनी विचारले त्याचे उत्तरही याच कायद्यात आहे. १६० टक्क्यांची मर्यादा एकूण देयकांवर आहे. छोट्या ग्रामीण इस्पितळांसाठी आणि प्राथमिक उपचार देणाऱ्या डॉक्टरांसाठी उलट किमान दर घातलेला आहे. दर ठरवणे म्हणजे सगळ्यांचा दर पाडणे नव्हे. कोलोरॅडोने २०२३ पासून आणि नेवाडाने २०२६ पासून आपापल्या तऱ्हेने हेच केले आहे, पण त्या राज्यांचा मला अनुभव नाही.

मोहर

दर, पंच, बॅट हे सगळे वाचले. माझा प्रश्न या चर्चेत अजून आला नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असल्यामुळे साठ दिवसांत दुसरी शोधायची होती आणि मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. जुना विमा कोब्रा कायद्याखाली पुढे चालू ठेवता येतो, पण तेव्हा मालकाचा आणि आपला असे दोन्ही वाटे, वर दोन टक्के कारभारखर्च, आपणच भरायचे असतात. नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक खर्च २०२४ मध्ये देशभरात सरासरी २५,५७२ डॉलर होता. त्यातला मोठा भाग मालक भरतो म्हणून तो एरवी दिसत नाही. आम्हाला तो एका पत्रात एकदम दिसला. सरकारच्या बाजारातल्या योजना पाहिल्या तर आमच्या डॉक्टर कोणत्याच स्वस्त योजनेच्या नेटवर्कमध्ये नव्हत्या, आणि सातव्या महिन्यात डॉक्टर बदलायची माझी तयारी नव्हती. आम्ही कोब्रा भरला. मुलगी झाली, नोकरीही मिळाली, पण त्या नऊ आठवड्यांत बचतीला जे खिंडार पडले ते अजून बुजलेले नाही.

नोकरी गेली तरी न जाणारा विमा हे पब्लिक ऑप्शनचे पहिले वचन होते. दर मेडिकेअरच्या शंभर टक्के असो की एकशे साठ, मला ते वचन जास्त महत्त्वाचे वाटते. बाजारातल्या योजनांच्या हप्त्यांवर सरकार देते त्या सवलतीत २०२१ मध्ये केलेली वाढ २०२५ अखेर संपली आणि तिच्यावरून त्या वर्षी त्रेचाळीस दिवस सरकारचे कामकाज बंद राहिले, तेव्हाही वाद सवलत किती द्यायची एवढ्यावरच अडला होता.

पावतीपुस्तक

मोहर, तुमचे म्हणणे पटले, पण ती दोन वेगळी वचने नाहीत. सवलत म्हणजे सरकारने तुमच्या वतीने तोच फुगलेला हप्ता भरणे. दर तसाच राहिला की दरवर्षी सवलत वाढवावी लागते आणि मग ती कोणाच्या तरी डोळ्यांवर येते. नोकरी गेल्यावर टिकणारा विमा नोकरी गेलेल्या माणसाला परवडायचा असेल, तर आधी त्या मधल्या रकान्याचे काहीतरी करावे लागेल.

रॅरिटनकर

परवा मुलाचे मनगट शेवटचे दाखवायला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. हा धागा डोक्यात होता, म्हणून स्वागतकक्षातल्या बाईंना सहज विचारले की उद्या समजा सरकारने आमच्या वयाच्या लोकांसाठी योजना काढली आणि मेडिकेअरपेक्षा थोडा जास्त दर दिला, तर तुमचे डॉक्टर ती घेतील का. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग मागच्या रांगेकडे पाहिले. मेडिकेअर आम्ही घेतो, मेडिकेड घेत नाही, असे त्या म्हणाल्या. बाकीच्याचे विचाराल तर कार्ड घेऊन या, कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करू आणि मग सांगू.